पाच हजारांच्या आतला म्युझिक प्लेअर: वाचक विचारतात

आयपॉड टच २०२२ साली बंद झाला आणि खिशातला प्लेअर ही इतिहासजमा गोष्ट, असे अनेकांनी धरून टाकले. पत्रे मात्र थांबलेली नाहीत. कुणाला अभ्यासिकेत फोन नेता येत नाही, कुणाच्या घरच्या वडीलधाऱ्यांना फोन जमत नाही, तर कुणाला गाणे ऐकताना मेसेजची टिंगटिंग नको आहे. बहुतेकांनी खर्चाची मर्यादा पाच हजारांच्या आसपास घातली आहे. उत्तरेही त्याच हिशेबाने दिली आहेत.

प्रश्न: आजी ७८ वर्षांची आहे. सकाळी हरिपाठ आणि अभंग, दुपारी ज्ञानेश्वरीवरचे निरूपण ऐकते. फोनवर मध्येच जाहिरात लागते, हात लागून भलत्यालाच फोन जातो. ऑनलाइन दीड हजाराचे ‘एमपी४ प्लेअर’ दिसतात, त्यांतला एखादा चालेल का? – सातारा

चालेल, पण त्याआधी एक गोष्ट तपासा, आणि तिचा आवाजाच्या दर्जाशी काही संबंध नाही. निरूपणाची एकेक फाइल तास-सव्वा तासाची असते. आजींनी चाळिसाव्या मिनिटाला प्लेअर बंद केला आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मंगलाचरणापासून सुरू झाला, तर आठवड्याभरात तो कपाटात जाऊन बसेल.

प्लेअर हातात आला की पहिल्याच दिवशी निरूपणाची फाइल विसाव्या मिनिटापर्यंत पुढे न्या, प्लेअर बंद करा, पुन्हा चालू करा. तिथूनच लागली तर अर्धे काम झाले. आता मध्ये एक अभंग लावा आणि परत निरूपणाकडे या. बरेचसे स्वस्त प्लेअर शेवटी वाजलेली एकच फाइल लक्षात ठेवतात, म्हणजे अभंग लावला की निरूपणाची जागा पुसली जाते. काहींत ‘बुकमार्क’ असतो, पण तो दर वेळी मेनूत शिरून लावावा लागतो आणि या वयात ते कोण करत बसणार! सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेत यावर चांगला तोडगा आहे. तिच्यात ‘ऑडिओबुक्स’ आणि ‘पॉडकास्ट्स’ अशा इंग्रजी नावांचे फोल्डर असतात, आणि त्यांत टाकलेली फाइल जिथे सोडली तिथून पुढे ऐकता येते. या मालिकेतला एखादा प्लेअर चांगल्या अवस्थेत मिळाला तर घ्या. मात्र त्याचा पडदा बारीक असतो, तेवढे लक्षात ठेवा.

तसा न मिळाल्यास निरूपणाच्या फाइली कापून दहा-दहा मिनिटांच्या करा. ‘एमपी३डायरेक्टकट’ हा मोफत प्रोग्रॅम फाइल पुन्हा कॉम्प्रेस न करता नुसती कापतो, त्यामुळे आवाज आहे तसाच राहतो. मग जागा विसरली तरी फार तर दहा मिनिटे पुन्हा ऐकावी लागतील, आणि निरूपण दोनदा ऐकण्याला आजींची हरकत नसावी.

बटणांकडे नीट पाहा. जाहिरातीतल्या चकचकीत प्लेअरची पुढची बटणे पुष्कळदा स्पर्शाची असतात. कोरड्या, सुरकुतलेल्या बोटांना ती नीट दाद देत नाहीत आणि दाबले गेले की नाही ते बोटाला कळतही नाही. वर उचललेली, दाबल्यावर टक् होणारी बटणे हवीत. आवाज कमी-जास्त करण्याचे बटण वेगळे हवे. पुष्कळ स्वस्त प्लेअरमध्ये तेच बटण पटकन दाबले की पुढचे गाणे आणि दाबून धरले की आवाज मोठा, अशी दुहेरी योजना असते. ती वयस्कांना हमखास फसवते. बाजूला कुलुपाची सरकपट्टी असेल तर उत्तम, म्हणजे पदराखाली वा उशीखाली बटण दबले तरी बिघडत नाही.

आतला छोटा स्पीकर उशाशी ठेवून ऐकण्यापुरता असतो. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: कार्डात अभंग क्रमाने भरले होते, पण प्लेअर ते वाटेल तसे वाजवतो. शिवाय मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. प्लेअर परत करावा का? – नाशिक

क्रमासाठी परत करू नका. संगणकाच्या पडद्यावर फाइली नावांच्या क्रमाने दिसतात, कारण ते काम विंडोज करते. स्वस्त प्लेअर ते कष्ट घेत नाही. कार्डावर ज्या क्रमाने फाइली लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने तो वाजवतो. मधली एखादी फाइल पुसून नवी टाकली तर ती त्या रिकाम्या जागी जाऊन बसू शकते, आणि हरिपाठाच्या मध्ये भलतेच भावगीत लागते.

फाइलींच्या नावांआधी ००१, ००२ असे तीन आकडी क्रमांक इंग्रजी अंकांत घाला. नुसते १, २ घातले तर नावाने क्रम लावणारे प्लेअर १ नंतर १० वाजवतात. मग कार्ड फॅट३२मध्ये (कार्डावर फाइली मांडण्याची एक पद्धत) फॉरमॅट करा आणि एकेक फोल्डर भरा. सगळ्या फाइली निवडून माउसने ओढताना पहिल्या क्रमांकाची फाइल धरून ओढा, कारण विंडोज ज्या फाइलीला तुम्ही धरता तिच्यापासून नक्कल सुरू करते. पुष्कळांचा क्रम नेमका इथेच बिघडतो. कार्ड आधीच भरलेले असेल तर ‘ड्राइव्हसॉर्ट’ हा छोटा प्रोग्रॅम फाइलींना हात न लावता त्यांची यादी नीट लावून देतो.

चौकोनांची कारणे दोन असू शकतात. पहिले सुधारता येते: गाण्याच्या टॅगमधली, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या नाव-गायकाच्या नोंदीतली अक्षरे प्लेअरला न समजणाऱ्या पद्धतीने साठवलेली असतात. ‘एमपी३टॅग’ हा प्रोग्रॅम उघडा, सेटिंगमध्ये आयडी३ व्ही२.३ आणि यूटीएफ-१६ निवडा, सगळ्या फाइली निवडून पुन्हा सेव्ह करा. एवढ्यावर अक्षरे दिसू लागली तर ‘विठ्ठल’ हा शब्द शोधून पाहा. वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन बसली असेल आणि ‘ठ्ठ’ फुटून पाय मोडलेला ठ आणि पुढे दुसरा ठ असा दिसत असेल, तर प्लेअरकडे देवनागरी अक्षरे आहेत, जोडण्याची अक्कल नाही. टॅग बदलूनही चौकोनच राहिले तर देवनागरी अक्षरेच नाहीत. या दुसऱ्या कारणाला औषध नाही. नावे सरळ रोमन लिपीत लिहावीत.

मॅकवरून कार्ड भरले असेल तर प्रत्येक गाणे यादीत दोनदा दिसते आणि त्यातले एक वाजत नाही. टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या त्या मॅकच्या लपलेल्या फाइली असतात. विंडोजवर कार्ड लावून त्या पुसून टाका.

प्रश्न: १२८ जीबीचे कार्ड निम्म्या किमतीत मिळाले. पहिली काही गाणी छान वाजतात, नंतरची मध्येच तुटतात किंवा उघडतच नाहीत. दोष प्लेअरचा की कार्डाचा? – परभणी

जवळजवळ नक्कीच कार्डाचा. आत ८ किंवा १६ जीबीची चिप घालून कार्डाच्या कंट्रोलरला ‘मी १२८ जीबीचा आहे’ असे सांगायला शिकवलेले असते. संगणक त्यावर विश्वास ठेवतो. खरी जागा संपली की पुढच्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत विरतात, यादीत नावे मात्र जागच्या जागी दिसतात. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि मॅक वा लिनक्सवर ‘एफ३’ हे मोफत प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहतात. १२८ जीबीला दोन-तीन तास सहज लागतात. गाणी भरण्याआधी आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी करा.

मुळात एवढे मोठे कार्ड लागते का, तेही पाहा. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाच्या आवाजाला किती माहिती लागते त्याचे हे माप) एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, ३२० केबीपीएसला २.४ एमबी, सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकला (आवाजातले काहीही न गाळता लहान केलेली फाइल) ५ ते ७. पाच मिनिटांचे गाणे धरले तर ३२ जीबीत पहिल्या प्रकारची सहा हजारांवर गाणी मावतात, दुसऱ्या प्रकारची अडीच हजार आणि फ्लॅकची हजारभर. निरूपण, कीर्तन, भाषण यांना ६४ केबीपीएस मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) पुरते. त्यात तासाला ३० एमबीसुद्धा लागत नाहीत.

पुष्कळ स्वस्त प्लेअर ३२ जीबीच्या पुढचे कार्ड घेत नाहीत, कारण ६४ जीबीपासूनची कार्डे एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि ती पद्धत त्यांना वाचता येत नाही. असे कार्ड ‘रूफस’सारख्या प्रोग्रॅमने फॅट३२मध्ये फॉरमॅट केले तर अनेकदा चालून जाते. प्लेअरच्या डब्यावर ३२ लिहिलेले असताना त्या भरवशावर मोठे कार्ड विकत मात्र घेऊ नका.

प्रश्न: नवा प्लेअर फोनच्या फास्ट चार्जरवर चार्जच होत नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर मेलेला, संगणकाला लावला की जिवंत. – डोंबिवली

टाइप-सीच्या सॉकेटमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवावे लागतात. ते दिसले की पलीकडच्या चार्जरला कळते की इथे कुणीतरी वीज मागते आहे. स्वस्त प्लेअरचे उत्पादक हे पैशा-दोन पैशांचे तुकडे वाचवतात. मग टाइप-सी चार्जर समोर कुणीच नाही असे समजून गप्प राहतो. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेली केबल वापरा, काम होईल. आतली बॅटरी लहान असते, तिला जुन्या फोनचा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर पुष्कळ झाला. पॉवरबँकेवर लावल्यास ती थोड्या वेळाने आपोआप बंद पडते, कारण प्लेअर इतकी थोडी वीज ओढतो की बँकेला चार्जिंग संपल्यासारखे वाटते.

प्लेअर महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि तीनेक महिन्यांनी पुन्हा थोडी भरा. पूर्ण रिकामी करून ठेवलेली लिथियम बॅटरी पुष्कळदा परत उठत नाही.

प्रश्न: मी प्रामुख्याने ख्याल ऐकतो. सीडी भरपूर आहेत, त्या उतरवून खिशात न्यायच्या आहेत. ‘हाय-रेस’ प्लेअर घ्यावा का? – पुणे

हाय-रेसच्या, म्हणजे सीडीहून बारीक मोजमापाच्या आवाजाच्या, सोनेरी चिकटपट्टीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. सीडीचे ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट हे मोजमाप २० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकणाऱ्या माणसाच्या कानाला पुरून उरते. जुनी ध्वनिमुद्रणे तर त्याहून बरीच आत असतात. कॅसेटवर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर साठ डेसिबलच्या आसपास, सीडीवर ९६. कॅसेटवरून काढलेली मैफल २४ बिटमध्ये साठवली तर मैफलीपेक्षा टेपचा फसफसाटच अधिक बारकाईने साठवला जातो.

ख्यालासाठी पाहायचे ते एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जातानाचा खंड. सीडीवर विलंबित आणि द्रुत हे दोन ट्रॅक असतात, पण तानपुरा मध्ये थांबलेला नसतो. एमपी३ची फाइल ११५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांनी बनते. सुरुवातीला थोडी शांतता येते, शेवटचा ठोकळा अपुरा पडला तर तोही शांततेने भरतात. शिवाय स्वस्त प्लेअर पुढची फाइल उघडायला अर्धा सेकंद घेतो. विलंबित संपून द्रुत उचलायच्या नेमक्या क्षणी तानपुरा तुटतो, आणि एकदा कानाला ते लागले की दर वेळी लागते. प्लेअरच्या माहितीत ‘गॅपलेस’ लिहिलेले असले तरी तानपुरा सलग असलेले दोन ट्रॅक लावून स्वतः खात्री करा. ती सोय नसेल तर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या प्रोग्रॅमने सीडी उतरवतानाच दोन्ही ट्रॅकची मिळून एक फाइल करा. हा उपाय कोणत्याही प्लेअरवर चालतो.

दुसरी तपासणी फसफसाटाची. इअरफोन कानात घालून गाणे थांबवा आणि शांत खोलीत ऐका. पहिल्या आलापीच्या हळू सुरांखाली जे ऐकू येणार आहे ते हेच. कानात घट्ट बसणारे, संवेदनशील इअरफोन ते जास्त दाखवतात. १६ ते ३२ ओहमचे इअरफोन या प्लेअरना मानवतात. २५० ओहमचा स्टुडिओतला हेडफोन लावलात तर पूर्ण आवाजातही कुजबुज येईल.

फिओ कंपनीच्या स्नोस्काय मालिकेतला, कॅसेट प्लेअरसारखा दिसणारा एको मिनी या किमतीच्या आसपास मिळतो, २५६ जीबीपर्यंतचे कार्ड घेतो आणि फ्लॅक वाजवतो. वरच्या गॅपलेसच्या चाचणीत उतरला तर तुमच्या कामाला तो लागू पडेल. तरीही आमचे मत असे की पाचातले दोन-अडीच हजार हेडफोनसाठी राखावेत आणि प्लेअर त्याखालचा घ्यावा. आवाजातला फरक तिथेच जास्त पडतो.

प्रश्न: फोनचा माइकवाला इअरफोन प्लेअरला लावला की गायिकेचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो, तबला-पेटी मात्र स्पष्ट. जुनी गाणी तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. – बेळगाव

आवाज येत असताना इअरफोनवरचे माइकचे बटण दाबून धरा. गायिका परत आली तर निदान पक्के.

माइकवाल्या पिनवर चार पट्टे असतात, साध्यावर तीन. तुमच्या प्लेअरच्या सॉकेटमधली जमिनीची (‘ग्राउंड’, म्हणजे दोन्ही कानांच्या सामाईक परतीच्या तारेची) पत्ती भलत्या पट्ट्यावर टेकते आहे. जमीन तुटली की दोन्ही कानांत डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक पोचतो. गायिका ध्वनिमुद्रणात मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखी असते, म्हणून वजा होते. बाजूला ठेवलेली वाद्ये उरतात. जुनी गाणी मोनो, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, त्यामुळे काहीच उरत नाही. बटण दाबल्यावर माइकच्या तारेतून जमीन जोडली जाते आणि सगळे ठीक होते.

पिन किंचित, अर्धा मिलिमीटर बाहेर ओढून पाहा. जमले नाही तर तीन पट्ट्यांचा साधा इअरफोन घ्या. सॉकेटमध्ये कापसाचा वा कपड्याचा धागा अडकून पिन पूर्ण आत न गेल्यासही हेच होते. तो लाकडी टूथपिकने काढा, सुईने नको.

प्रश्न: एफएम असलेला प्लेअर घेतला. पुण्यात विविध भारती लागते, पण आकाशवाणीचे पुणे केंद्र लागत नाही. ब्लूटूथ हेडफोनवर तर काहीच लागत नाही. – पुणे

विविध भारती १०१ मेगाहर्ट्‌झवर, एफएमवर आहे. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्‌झवर, मीडियम वेव्हवर. खिशातले प्लेअर साधारण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्‌झ एवढाच पट्टा पकडतात. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्‌झवर असल्याने तिचेही तेच. एफएमला इअरफोनची तारच अँटेना म्हणून लागते, म्हणून ब्लूटूथवर ऐकायचे असले तरी तार खोचलेली हवी, आणि पुष्कळ प्लेअर एफएम ब्लूटूथवर पाठवतच नाहीत.

प्रश्न: पोहताना गाणी ऐकायची आहेत. वॉटरप्रूफ ब्लूटूथ इअरबड चालतील का? – ठाणे

नाही. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे काठावर ठेवलेला प्लेअर निरुपयोगी. डोक्यावर बसणाऱ्या उपकरणाच्या आतच मेमरी असलेला प्लेअर लागतो, आणि नावाजलेल्या कंपनीचा घेतला तर तो तुमच्या मर्यादेत बसत नाही.

प्रश्न: कपाटात जुना आयपॉड क्लासिक सापडला. नवा घेण्याऐवजी तोच वापरू का? – नागपूर

आत फिरती हार्ड डिस्क आहे. चालू केल्यावर टिकटिक आवाज करत अडकत असेल तर डिस्क गेली. तिच्या जागी मेमरी कार्डाचा अडॅप्टर आणि नवी बॅटरी बसवता येते, पण पाठीचा पत्रा उघडणे नाजूक काम आहे. तो वाकला की पुन्हा सरळ बसत नाही, म्हणून ते पूर्वी केलेल्याकडूनच करून घ्या. डिस्क ठीक असेल तर विंडोजवर आयट्यून्समधून गाणी भरा. मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून हे काम फाइंडरकडे गेले आहे. पेनड्राइव्हसारखी फाइल नुसती ओढून टाकली तर ती आत जाऊन बसते, पण यादीत येत नाही. फ्लॅक तो वाजवत नाही. त्यासाठी ‘रॉकबॉक्स’ ही मोफत प्रणाली टाकता येते, पण त्यासाठी आयपॉड मॅकऐवजी विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा.

प्रश्न: ॲपमध्ये पैसे भरून तीनशे गाणी डाउनलोड केली. प्लेअरमध्ये टाकली तर एकही वाजत नाही. – सोलापूर

ती वाजणार नाहीत. ॲपमधले डाउनलोड कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच ॲपकडे असते. वर्गणी संपली की फोनवरही ती बंद होतात. प्लेअरसाठी विकत घेतलेली फाइल किंवा सीडीवरून उतरवलेली फाइल लागते. आयट्यून्स स्टोअरवरची गाणी २५६ केबीपीएसची आणि बिनकुलपाची असतात, पण एम४ए प्रकारची. दीड हजाराचा प्लेअर तो प्रकार घेतो का, ते आधी माहितीपत्रकात पाहा. घेत नसेल तर ‘फूबार२०००’ या प्रोग्रॅममध्ये एमपी३ करून घ्या.

मोबाइलच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांत कार्ड भरून मिळते. ती गाणी चोरीची असतात हे एक, आणि वर पुष्कळशी ६४ केबीपीएसवर दाबलेली, एकच गाणे तीन नावांनी, टॅगमध्ये गायकाऐवजी वेबसाइटचा पत्ता. असे कार्ड हाती आलेच असेल तर प्लेअरला दोष देण्याआधी एका गाण्यावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला बिटरेट वाचा.